शर्यती मोटारीचे डिफरन्शियल : बेअरिंग व वंगण यांच्या निवडीची चिकित्सा

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतील मोटारीच्या डिफरन्शियलसाठी बेअरिंगची निवड केवळ आयएसओ 281 च्या आयुर्मान-सूत्रावर सोडणे अपुरे आहे. बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाल्यास त्याचे आयुर्मान एक-अष्टमांश होते. तथापि सहनशक्तीची शर्यत सुमारे 22 किलोमीटरचीच असल्याने आकडा सहज समाधानकारक येतो. खरा धोका अन्यत्र संभवतो. साखळीच्या ओढीने आधार वाकतात, बेअरिंगची अक्षरेषा ढळते. वळणावर तेल एका बाजूस सरकते. क्लच-प्लेटच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये तर प्लेटांमधील घर्षणही वंगणावर अवलंबून असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अशा प्रकल्पांचे मूल्यमापन करताना ही कारणमीमांसा तपासावी; अन्यथा सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यास निकामी बेअरिंगचे कारण सांगता येणार नाही.