यजमान कोण? राजधानीतल्या क्रीडामहोत्सवांचा हिशोब

(मंडणगड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



राजधानीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा हा विषय जाहीर झाल्यावर त्याचा आणि मंडणगडचा संबंध काय, असं काहींना वाटलं असेल. प्रश्न रास्त आहे. इथून दिल्ली लांब, आणि मुंबई जवळ असली तरी तिथल्या स्टेडियमची पायरी आपल्यापैकी किती जणांनी चढली असेल? पण संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. तो कसा, ते पुढे येईलच. आधी एक शब्द घेऊ.

कुठलीही मोठी स्पर्धा ठरली की वर्तमानपत्रं लिहितात, अमुक शहर ‘यजमान’ आहे. आपण तो शब्द वाचतो आणि पान उलटतो. आम्हाला तिथे थोडं थांबायचंय. यजमान हा मूळचा यज्ञातला शब्द. मीमांसकांनी त्याचा बारकाईने विचार केलेला आहे. यजमान कोण? तर ज्याने संकल्प सोडला, ज्याचं द्रव्य खर्ची पडलं आणि ज्याला फळ मिळायचं तो. मंत्र म्हणणारे, आहुती टाकणारे ते ऋत्विज. ते राबतात, पण यज्ञाचं फळ त्यांचं नाही. मग त्यांचं काय? त्यांना दक्षिणा. आणि इथे मीमांसक एक फार महत्त्वाची गोष्ट सांगतात. ही दक्षिणा म्हणजे दान नव्हे. ऋत्विजांना कामाला लावण्याचं ते मोल आहे, ‘परिक्रय’ आहे. ती खुशीने द्यायची वस्तू नाही, ती देणं लागते.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच मीमांसेने शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला. म्हणजे यजमान होण्याचा दरवाजा बहुतेकांना बंदच होता. तेव्हा ही परंपरा आपण डोक्यावर घेऊन नाचणार नाही. तिच्यातले प्रश्न मात्र उचलू, कारण ते नेमके आहेत: संकल्प कोणाचा? द्रव्य कोणाचं? फळ कोणाला? आणि राबणाऱ्याचं मोल चुकतं झालं का?

या चार प्रश्नांवर आपण तीन उत्सव तपासू. पहिला १९८२ चा, दिल्लीचा.

१९ नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीत नववे आशियाई खेळ सुरू झाले. आपल्यातल्या ज्येष्ठांना अप्पू हत्ती आठवत असेल. रंगीत दूरदर्शन आलं ते त्याच वर्षी. जवाहरलाल नेहरू स्टेडियम झालं, इंद्रप्रस्थ इनडोअर स्टेडियम झालं, उड्डाणपूल झाले, खेळाडूंसाठी खेळगाव उभं राहिलं. पी. टी. उषाने दोन रौप्यपदकं घेतली, महिला हॉकीत सुवर्ण मिळालं. आणि आपली कबड्डी तिथे प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळली गेली. आशियाई खेळांत तिला पदक मिळायला १९९० चं बीजिंग उजाडावं लागलं. हे सगळं खरं आहे, आणि त्याची थट्टा करण्यात आम्हाला रस नाही. देश कर्तृत्व दाखवू पाहतो तेव्हा नाकं मुरडणं हा विचार नव्हे.

पण हे बांधलं कोणी? राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा भागांतून जमादारांनी आणलेल्या मजुरांनी. दिवसाची किमान मजुरी ठरली होती सव्वानऊ रुपये. ती मजुराच्या हातात पडतच नसे. जमादार माणशी रोज एक रुपया आपली दस्तुरी म्हणून कापून घेई आणि सव्वाआठ रुपये देई. बायकांच्या हातावर तर सात रुपये. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवल्याचीही तक्रार होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन अभ्यासकांना पाठवून पाहणी करवली आणि त्या अहवालाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानण्यात आलं. निकाल लागला १८ सप्टेंबर १९८२ ला, म्हणजे उद्घाटनाच्या दोन महिने आधी. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेला हा निकाल तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

त्यातला प्रश्न असा. मजूर स्वतःच्या पायाने आला, कमी मजुरीला त्याने हो म्हटलं. मग त्याच्यावर सक्ती झाली असं कसं म्हणायचं? चाबूक तर कोणी उगारला नाही. न्यायालयाचा आशय असा की, सक्ती फक्त हाताची किंवा कायद्याची नसते. भुकेचीही सक्ती असते. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याने किमान मजुरीपेक्षा कमीवर दिलेला होकार हा होकार नव्हे. अशा मजुराकडून करून घेतलेलं काम ही संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ आहे. शिवाय, मजूर कंत्राटदाराचे आहेत, आमचे नव्हेत, असं म्हणून सरकारला अंग काढून घेता येणार नाही. आणि २४ व्या कलमाप्रमाणे, बांधकाम धोक्याचं असल्यामुळे तिथे चौदा वर्षांखालचं मूल असताच कामा नये, मग वेगळ्या कायद्याच्या यादीत बांधकामाचं नाव असो वा नसो.

मंडळी, आता मंडणगडचा संबंध. ज्या मसुदा समितीने हे संविधान घडवलं तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच तालुक्यातलं. आणि ‘वेठ’ हा शब्द काही बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेला नव्हता. कोकणातल्या खोतीत कुळाने खोताच्या शेतावर फुकट राबायचं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक बाबासाहेबांनीच मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं त्यासाठी मुंबईत मोर्चा घेऊन गेली. म्हणजे कोकणच्या मातीतला जो अनुभव संविधानात पोचला, तोच पुढे दिल्लीत स्टेडियमची पाटी वाहणाऱ्या मजुराच्या कामी आला. दिल्लीचा एशियाड आणि मंडणगड यांच्यामधलं अंतर एवढंच आहे.

दुसरा उत्सव २०१० चा. पुन्हा दिल्ली, ३ ते १४ ऑक्टोबर, राष्ट्रकुल स्पर्धा. याबद्दल आपल्याला काय आठवतं? घोटाळा. चढ्या भावाने केलेली खरेदी, महालेखापरीक्षकांचा अहवाल, अटका, वाहिन्यांवरच्या चर्चा. त्या खटल्यांत आम्ही शिरणार नाही, ते न्यायालयांचं काम. आमची तक्रार वेगळी आहे. भ्रष्टाचारावरच्या या सगळ्या चर्चेने मूळ प्रश्न झाकून टाकला. समजा, एक पैही चोरीला गेली नसती. सगळी कंत्राटं नियमाने दिली असती. तरी यजमानपदाचे आपले चार प्रश्न तसेच उभे राहिले असते.

ते कसे, बघा. १९८२ चा निकाल हाताशी असून अठ्ठावीस वर्षांनी त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात जावं लागलं. दिल्ली उच्च न्यायालयाने समिती नेमली आणि बांधकामांवर मजुरी, निवारा, सुरक्षितता या सगळ्यांतच कायदा मोडला जातोय असं तिला दिसलं. २१ सप्टेंबर २०१० ला, उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. वर्तमानपत्रांत ‘देशाची नाचक्की’ असे मथळे आले. नाचक्की देशाची, जखमा मजुरांच्या. मथळ्यात जागा मिळाली ती नाचक्कीला.

याहूनही बोचणारी गोष्ट द्रव्याची. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेल्या विशेष घटक योजनेतले शेकडो कोटी रुपये दिल्लीत स्पर्धेशी निगडित कामांकडे वळवले गेले. हे चुकीचं झालं, असं केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केलं. आता आपल्या यज्ञाच्या भाषेत बोलायचं तर हे काय झालं? ज्याला पूर्वी यज्ञाच्या मांडवात उभं राहू दिलं नव्हतं, त्याच्याच वाट्याचं तूप मांडवात ओतलं गेलं, आणि फळाच्या यादीत त्याचं नाव पुन्हा नाहीच. याला घोटाळा म्हणत नाहीत, कारण पैसा कोणाच्या खिशात गेलेला नाही. म्हणून तर आम्ही म्हणतो, की चोरी पकडणं ही टीकेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

याच स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. आदिवासी पाड्यावरची मुलगी. भारताने एकूण १०१ पदकं घेतली. हे फळ खरं आहे, आणि ते पाड्यापर्यंत पोचलं याचा आनंद आहेच. पण कविताला घडवलं ते पाड्याच्या वाटांनी आणि नाशिकच्या सरावाने. स्टेडियमने तिला त्या दिवशी धावायला जागा दिली. ही दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि आपण उत्सवावर खर्च करतो तेव्हा दुसरं काम पहिल्याच्या नावावर खपवतो.

तिसरा उत्सव आपल्या राज्याच्या राजधानीतला. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाची अंतिम लढत. धोनीचा षटकार सगळ्यांना पाठ आहे. वानखेडेचा जन्मच मुळी जागांच्या भांडणातून झालाय. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या सामन्यांच्या तिकिटांचा वाटा मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती, यावरून वाद पेटला आणि शेषराव वानखेड्यांनी पलीकडेच नवं स्टेडियम उभं करून दाखवलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा. क्लबवाल्यांची मिरास मोडायला बांधलेलं हे घर. आणि २०११ च्या अंतिम सामन्याला काय झालं? सुमारे तेहतीस हजार खुर्च्या, त्यातल्या सर्वसामान्यांना विकायला जेमतेम चार हजार. बाकीच्या संलग्न क्लबांना, आंतरराष्ट्रीय परिषदेला, निमंत्रितांना.

इथे कोणी म्हणेल, ही खासगी संघटनेची बाब आहे, तिने आपल्या खुर्च्या कोणालाही द्याव्यात. बरोबर. पण जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. बंदोबस्ताला पोलीस मुंबईचे. त्या दिवशी शहर जे अडून राहिलं ते सगळ्यांचं शहर. द्रव्यात सगळ्यांचा वाटा आणि फळाची वाटणी पासावर! लालबाग-परळच्या चाळींत आपले चाकरमानी टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून ओरडत होते. त्यांचा आनंद कमी होता असं नव्हे. पण ‘मुंबई यजमान होती’ म्हणताना त्यातली कोणती मुंबई, हे विचारायला हवं.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. मान, प्रतिष्ठा हेही फळच आहे, आणि ते अख्ख्या देशाला मिळतं. मागे मेट्रो राहते, स्टेडियम राहतं. हे आम्हाला मान्य आहे. देशाचा मान ही पोकळ गोष्ट नाही. पण मान ही वस्तू फार नाजूक आहे. पाहुण्याला पंचपक्वान्नं वाढायची आणि स्वयंपाक करणारीला उपाशी ठेवायची, अशा घराचा मान पाहुणा ताटावरून उठेपर्यंतच टिकतो.

दुसरा मोह असा, की लगेच गावाचं उदाहरण द्यायचं. शिमग्याला पालखी निघते, घरटी वर्गणी असते, नंतर देवळात बसून हिशोब वाचला जातो. कबड्डीच्या सामन्यांचाही तसाच. चहा किती, मांडव किती, चषक किती. कोणीही उठून विचारू शकतो. हे चांगलंच आहे. पण याच गावकीत मानकरी होते, आणि पालखीला खांदा कोणी द्यायचा, कोणी लांब उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. तेव्हा गाव चोख आणि राजधानी खोटी, असा सोपा निवाडा आम्ही देणार नाही. गावाकडून घ्यायचं ते हिशोबाचं वाचन. मानपान गावातच राहू दे, किंबहुना गावातूनही जाऊ दे.

आता हे का आज बोलायचं? कारण पुढचे संकल्प सुटलेले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं आणि त्याच व्यासपीठावरून २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारत प्रयत्न करील असं पंतप्रधानांनी जाहीर केलं. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने २०१५ साली ऑलिंपिकच्या उमेदवारीवर लोकांचं मत घेतलं, लोकांनी नको म्हटलं, आणि शहराने माघार घेतली. त्याआधी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरने तर मिळालेलं हिवाळी ऑलिंपिक मतदानाने परत केलं. आपणही नकोच म्हणावं असा आमचा आग्रह नाही. पण संकल्प सोडण्याआधी ज्याचं द्रव्य आहे त्याला विचारलं गेलं, एवढंच या उदाहरणांतून घ्यायचं.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. उत्सवाचं मोजमाप पदकांनी आणि आतषबाजीने करू नका, आणि फक्त चोरीच्या आकड्यानेही करू नका. संकल्प लोकांपुढे सोडला गेला का? राखीव निधीला हात न लावता खर्च झाला का? उद्घाटनाच्या आधी शेवटच्या मजुराच्या हातात पूर्ण मजुरी पडली का? आणि मैदान नंतर खेळणाऱ्या पोरांना खुलं राहिलं का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर त्या शहराला खुशाल यजमान म्हणा. नसतील, तर राबणारा तोच, खर्च सोसणारा तोच, आणि संकल्पाच्या पाटावर बसलेला मात्र तिसराच कोणी, हे निदान स्पष्ट बोला.

आपल्या तालुक्यातली मुलं उद्या त्या मैदानांवर खेळायला जातील, आणि काही जण त्यांच्या भिंती बांधायलाही जातील. दोघांसाठी कलम २३ एकच आहे. ते आंबडव्याच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली लिहिलं गेलं, एवढं जाताना लक्षात ठेवा.