दंतवैद्यक प्रवेश आणि ‘रिपीटर’ वर्ग : एक चिकित्सा

दंतवैद्यक पदवीचा प्रवेश पहिल्या प्रयत्नात हुकलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात जी व्यवस्था उभी आहे, तिला ‘रिपीटर बॅच’ म्हटले जाते. लातूरपासून राजस्थानातील कोटापर्यंत पसरलेली ही व्यवस्था मुख्यतः खाजगी असून दंत महाविद्यालयांचा तिच्याशी शैक्षणिक संबंध नसतो. ही बाब गौण मानता येणार नाही. २०१३ साली प्रथम झालेली, त्याच वर्षी न्यायालयाने रद्द ठरविलेली व २०१६ पासून पुन्हा लागू झालेली ‘नीट’ ही एमबीबीएस व बीडीएस या दोहोंसाठी एकच परीक्षा आहे. त्यामुळे या वर्गांत दंतवैद्यकाचा स्वतंत्र विचारच होत नाही. विद्यार्थी पुन्हा बसतो तो बहुधा एमबीबीएससाठी. बीडीएस ही त्याची तडजोड असते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दंतवैद्यक विद्यालयाने प्रवेश नाकारल्या गेलेल्या वंचित गटांतील अर्जदारांसाठी वर्षभराचा कार्यक्रम चालविला. त्यात विज्ञानविषय, प्रवेशपरीक्षा व अर्ज यांची तयारी करून घेतली जाई. हे प्रतिमान जसेच्या तसे येथे आणता येणार नाही, कारण तेथे मुलाखतीला स्थान आहे. येथे गुणानुक्रमच सर्व काही ठरवितो. परंतु अपयशाचे कारण शोधून मग अध्यापन करावे, हे तत्त्व घेण्याजोगे आहे. रिपीटर वर्गात मात्र तोच अभ्यासक्रम अधिक वेगाने पुन्हा शिकविला जातो.

शिवाय तयारीचा अभाव हाच एकमेव अडसर आहे काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये बीडीएसच्या सुमारे ७,००० जागा रिक्त असताना सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरते पात्रतेचे पर्सेंटाइल १० ने खाली आणले आणि खाजगी महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही म्हटले. जागा रिक्त आणि विद्यार्थी बाहेर, या विसंगतीवर कोणताही शिकवणीवर्ग उत्तर देऊ शकत नाही.

पळसदरीचे उदाहरण घ्यावे. कर्जत–खोपोली मार्गावरील हे पहिले स्थानक. परिसरात ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. येथील विद्यार्थ्याला मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय लोकलच्या टप्प्यात आहे; पण तेथवर पोहोचविणारे तयारीचे वर्ष कल्याण वा पनवेलच्या शिकवणीत, शुल्क भरून, खोपोली गाड्यांच्या तुरळक वेळापत्रकावर काढावे लागते. बारावी उत्तीर्ण होताच तो कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावरून उतरतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा व शिक्षक तिन्ही एकदमच सुटतात.

‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनशास्त्राचे समसमान. हे तिन्ही विषय शिकविणारे प्राध्यापक तालुक्याच्या महाविद्यालयांत आहेतच. अशा विद्यार्थ्याला वर्षभर ग्रंथालयाचे सभासदत्व द्यावे व त्याचे विषयवार गुण तपासून तासिका ठरवाव्यात. यास नव्या अनुदानाची नव्हे, प्राचार्यांच्या परिपत्रकाची आवश्यकता आहे.