वाढतं कोण: खेळाडू की आकडा?



'व्हिडिओ गेममुळे मुलांची एकाग्रता जाते' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. 'व्हिडिओ गेममुळे मेंदू तल्लख होतो' हेही ऐकलं असेल. दोन्ही वाक्यांपुढे कुणीतरी 'संशोधनात सिद्ध झालंय' असं चिकटवून देतं. आणि मग कुणीतरी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहितं: 'आधुनिक व्हिडिओ गेम व पारंपरिक खेळ: एक तुलनात्मक अभ्यास'.

विषय वाईट नाही. पण या शीर्षकातच एक मोठी चूक दडलेली आहे, आणि ती समजली तर तुमचा स्वतःचा विषय कुठलाही असो, त्याचा फायदा होईल. म्हणून आज खेळांबद्दल बोलू.

'व्हिडिओ गेम' हा एक चल नाही

२००३ साली 'नेचर'मध्ये शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलियर यांचा एक पेपर आला. एरवी गेम न खेळणाऱ्या लोकांना त्यांनी रोज एक तास असे दहा दिवस 'मेडल ऑफ ऑनर' हा गोळीबाराचा गेम खेळायला लावला. नंतर त्यांच्या दृष्टीच्या अवधानाच्या चाचण्या घेतल्या, तर कामगिरी सुधारलेली दिसली. ही बातमी जगभर गेली.

पण आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा. तुलनेचा गट काय करत होता? स्वस्थ बसून होता? पुस्तक वाचत होता? नाही. तो गट टेट्रिस खेळत होता. म्हणजे या प्रयोगात व्हिडिओ गेमची तुलना व्हिडिओ गेमशीच होती! 'गेममुळे अवधान सुधारतं' असं या पेपरमधून निघतच नाही. निघतं ते एवढंच, की एका प्रकारच्या गेमने जे झालं, ते दुसऱ्या प्रकारच्या गेमने तितकं झालं नाही.

पुढे २००८ मध्ये वॉल्टर बूट आणि सहकाऱ्यांनी वीस तासांहून जास्त सराव देऊन पाहिला, तेव्हा बहुतेक चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली नाही. याच मंडळींनी नंतर आणखी एक शंका काढली. गोळीबाराचा गेम खेळणाऱ्याला 'आपली नजर तेज होणार' असं आपोआप वाटतं, टेट्रिस खेळणाऱ्याला तसं वाटत नाही. मग सुधारणा गेममुळे झाली की या अपेक्षेमुळे? वाद अजून मिटलेला नाही. आपल्यासाठी धडा असा: टेट्रिस, कँडी क्रश आणि पबजी यांना एकाच पिशवीत भरून 'व्हिडिओ गेम' असं लेबल लावलं, की प्रश्न सुरुवातीलाच बिघडतो. पोळी आणि पेढा दोन्ही 'अन्न' आहेत, म्हणून दोघांचा परिणाम एकत्र मोजत नाही ना आपण?

मग वर्गीकरण कशावरून करायचं? जुने-नवे यावरून? मला वाटतं, त्याहून चांगला प्रश्न आहे: खेळताना वाढतं कोण, खेळाडू की आकडा?

साप, ठोकळे आणि कोरी पाटी

नोकियाच्या फोनवरचा साप आठवा. १९९७ साली ६११० या मॉडेलवर तो पहिल्यांदा आला आणि पुढे कितीतरी वर्षं घराघरांत होता. तुम्ही पाचशे वेळा खेळला असाल, तरी पाचशे एकाव्या वेळी साप तेवढाच छोटा. फोनमध्ये फक्त सर्वोच्च स्कोअर उरायचा, बाकी पाटी कोरी. मग पाचशे डावांची कमाई कुठे साठली? तुमच्या अंगठ्यात आणि नजरेत.

टेट्रिसचंही तेच. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तो बनवला. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर १९८९ मध्ये जो टेट्रिस आला, त्यात २९व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की तिथेच गेम संपतो असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग खेळाडूंनी बटण दाबायच्या नव्या पद्धती शोधल्या. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा १५७व्या लेव्हलला पोचला. शेवटी गेमच गोठला! ३४ वर्षांत गेममधली एक ओळही बदलली नव्हती. बदलली होती ती माणसं. खेळाडू वाढतो म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

एक गाय आणि सहा तास

आता दुसरं टोक बघा. २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. पीक लावा, काही तासांनी या, कापा. वेळेत आला नाहीत तर पीक वाळून जाणार. यात कौशल्य कोणतं? वेळेवर हजर राहणं, बस. २०१२च्या कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात. ते संपले की प्रत्येक जीव परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे भरा.

या प्रकाराची टर उडवायला गेम-अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' नावाचा गेम बनवला. त्यात एक गाय असते. तिच्यावर क्लिक करायचं. पुन्हा क्लिक करायला सहा तास थांबायचं. संपला गेम! बोगोस्ट यांना वाटलं, लोक हसतील आणि विसरतील. पण हजारो लोक तो मनापासून खेळायला लागले. शेवटी २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गायी गायब करून टाकल्या, मागे फक्त रिकामी जागा उरली. टीका म्हणून बनवलेली वस्तूच टीकेचा पुरावा ठरली.

यामागची यंत्रणा नवी नाही. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७च्या पुस्तकात ती सविस्तर आहे. कबुतराला दर ठरावीक टोचींनंतर दाणा दिला, तर दाणा मिळाल्यावर ते जरा थांबतं. पण दाणा कितव्या टोचीला मिळेल हे अनिश्चित ठेवलं, तर ते न थांबता टोचत राहतं. मोबाइल गेममधली बक्षिसाची पेटी, जिच्यात काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, ती हीच. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते उगाच नाही.

अशा गेममध्ये सहा महिने घालवा. तुमचं पात्र ८०व्या लेव्हलला असेल, तलवार सोन्याची असेल. मग खातं पुसून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. तुमच्याकडे काय उरलं? माझी कसोटी हीच: खातं पुसल्यावर जे उरतं, ती तुमची वाढ. बाकीचा आकडा कंपनीच्या सर्व्हरचा.

जुनं ते सोनं? जरा थांबा

इथे 'आमच्या वेळचे गेम भारी होते' असं म्हणायचा मोह होईल. तो टाळा. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'सारख्या आर्केड यंत्रांचं पोट नाण्यांवर भरायचं. डाव लवकर संपला तरच पुढचं नाणं पडणार, म्हणून ते गेम अवघड. म्हणजे धंद्याचं गणित तेव्हाही होतंच. फरक एवढा, की जुन्या यंत्राचा फायदा डाव संपण्यात होता आणि आजच्या बऱ्याच गेमचा फायदा डाव कधीच न संपण्यात आहे. डाव संपला की माणूस निदान मान वर करून घड्याळ तरी बघतो.

उलट, आज निघालेले सगळेच गेम गाय-क्लिकर नाहीत. २०११चा 'डार्क सोल्स' किंवा २०१८चा 'सेलेस्ट' घ्या. शेकडो वेळा मरा, पुन्हा उठा, हात शिकतो. आणि पबजी? एका डावापुरतं पाहिलं तर तो पक्का कौशल्याचा खेळ. पण त्याच्याभोवती रोजची हजेरी, पेट्या आणि हंगामी पदकं गुंडाळलेली. एकाच गेममध्ये दोन्ही थर असू शकतात. म्हणून तुलना जुन्या-नव्याची नको, थरांची करा.

मैदानात नियम कोण करतं?

आता मैदानाकडे येऊ. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस. 'व्यायाम होतो' हा मुद्दा सगळेच मांडतात, म्हणून तो सोडतो. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: तिथे पंच नसतो. चेंडू लागला की नाही, यावर भांडण होतं. धाकट्या भावाला 'कच्चं लिंबू' म्हणून खेळात घेतात, तो आउट होत नाही, पण खेळात असतो. 'टाइम प्लीज' कधी चालतं, 'रडीचा डाव' कशाला म्हणायचं, हे सगळं पोरंच ठरवतात.

ज्याँ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा असाच अभ्यास केला. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. मोठी होता होता त्यांना कळतं, की नियम आपण सगळ्यांनी मान्य केला म्हणून नियम आहे आणि सगळे तयार असतील तर बदलता येतो. मोबाइल गेममध्ये नियमावर वाद घालायची सोयच नाही. सर्व्हर म्हणतो आउट, म्हणजे आउट.

पण 'मैदानी खेळाने नेतृत्वगुण येतात, बुद्धिबळाने बुद्धी वाढते' असलं वाक्यही पुराव्याशिवाय लिहू नका. एका ठिकाणचं कौशल्य दुसरीकडे जातं का, हा फार अवघड प्रश्न आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की खऱ्या डावातली मांडणी बुद्धिबळातला उस्ताद काही सेकंद बघून जवळपास जशीच्या तशी मांडतो. पण सोंगट्या कशाही ठेवल्या, की त्याचा नवशिक्यापेक्षा फारसा वरचष्मा राहत नाही. म्हणजे 'स्मरणशक्ती' वाढलेली नसते, बुद्धिबळाची ओळख वाढलेली असते. एड्रियन ओवेन यांच्या गटाने २०१० मध्ये ११,४३० लोकांना सहा आठवडे ऑनलाइन मेंदूचे खेळ दिले. लोक त्या-त्या खेळात तरबेज झाले, पण इतर चाचण्यांत फायदा दिसला नाही. तेव्हा तुमच्या प्रस्तावात 'कौशल्य वाढते' असं लिहिलंत, की लगेच विचारा: कुठलं, आणि कुठे मोजणार?

आणि तुमचा स्कोअर?

आता हे तुमच्यावर कसं येतं ते बघा. संशोधनाच्या तयारीला लागलात की आकडे सुरू होतात. मॉक टेस्टचा रँक, अभ्यासाच्या ॲपवरची सलग दिवसांची साखळी, पुढे पेपरची संख्या आणि एच-इंडेक्स. हा एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी सुचवला, पण आज तो अनेकांच्या पात्राची लेव्हल होऊन बसलाय. तत्त्वज्ञ थी न्गुयेन हीच भीती मांडतात: गेममधला स्कोअर डावापुरता असतो म्हणून मजा येते, पण आयुष्यातल्या बारकाव्यांच्या जागी एखादा सोपा आकडा आला, की आपण आपली मूल्यंच त्याच्या हवाली करतो.

आकडा वाईटच असतो असं मात्र नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ मध्ये आलेला 'फोल्डइट' बघा. यात खेळाडू प्रथिनाच्या साखळीची घडी घालतात आणि घडीची ऊर्जा जितकी कमी, तितका स्कोअर जास्त. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना दहा वर्षांहून जास्त काळ सुटत नव्हती. खेळाडूंनी काही आठवड्यांतच त्याचं असं मॉडेल दिलं, की त्यावरून ती सुटली. २०११ मध्ये पेपर आला. इथेही स्कोअरच होता. पण तो निसर्गाला बांधलेला होता, आणि शेवटी क्ष-किरणांच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिला गेला.

म्हणून गेम असो, मैदान असो वा प्रयोगशाळा, प्रश्न तोच. तुमची मॉक टेस्टची साखळी तुटली तर काय जाईल? आकडा जाईल, की समज? नेटचा पेपर पर्याय न वाचता सोडवता येतो का? एखादा पेपर बंद करून त्यातला प्रयोग मित्राला कागदावर काढून दाखवता येतो का? संशोधनात प्रयोग सहा महिने फसतो तेव्हा कुठलीच पेटी उघडत नाही, कुठलाच आवाज होत नाही. रोज बक्षीस मिळायची सवय लागलेल्या माणसाला ते सहा महिने काढणं फार जड जातं.

जाता जाता एक काम देतो. तुम्ही खेळता तो कुठलाही एक गेम आणि मैदानातला एक खेळ घ्या. कागदावर तीन रकाने करा: खातं पुसल्यावर काय उरतं, डाव कोण थांबवतं, नियम कोण बदलू शकतं. मग 'व्हिडिओ गेम विरुद्ध पारंपरिक खेळ' हे शीर्षक खोडा आणि या तीनपैकी एकाच रकान्यावर एका वाक्याचा प्रश्न लिहा, असा की ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकेल. ते वाक्य जमलं, की तुमच्याकडे संशोधनाचा विषय आहे.