खोक्यावरचा वेग
बाह्य हार्ड डिस्कच्या खोक्यावर '५ गिगाबिट' हा आकडा ठळक छापतात. तो वेग जोडणीचा, तबकडीचा नव्हे. संकेतनाचा खर्च वजा जाता या वाटेने सेकंदाला फार तर ५०० मेगाबाइट जातात. फिरती तबकडी देते साधारण सव्वाशे. काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने २०२३ मध्ये कोल्हापुरात आले, पण घरची तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली लवकर कशी भरेल? त्यात नावांचा घोळ! २००८ चे यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झाले, मग ३.२ जेन १; वेग तोच. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून अशा तबकडीसाठी १० गिगाबिटची जोडणी घेणे आम्हाला उधळपट्टी वाटते. एसएसडी असल्यास गोष्ट वेगळी. जुन्या संगणकाची खाच यूएसबी २.० ची असेल, तर मात्र ४८० मेगाबिटांच्या त्या वाटेवर तबकडीच खोळंबते.