नागरिक, सभासद, भागधारक : चाकण येथील एका मागणीचे परीक्षण

१

२५ जून २०१३ रोजी चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यातील कामगारांनी काम बंद केले. विश्व कल्याण कामगार संघटनेने पुढे केलेल्या मागण्यांत वेतनवाढीसारख्या नेहमीच्या गोष्टी होत्याच. परंतु त्यांत एक मागणी अशी होती की जिची नोंद ह्या पट्ट्याच्या कामगार-इतिहासात स्वतंत्रपणे करावी लागेल. प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० भाग, दर भागास १ रुपया ह्या दराने, मिळावेत, अशी ती मागणी होती. त्या वेळी बाजारात ह्या भागाची, म्हणजे शेअरची, किंमत दीड हजार रुपयांहून बरीच अधिक होती. व्यवस्थापनाने मागणी नाकारली. सुमारे ५० दिवसांनंतर, ऑगस्टच्या मध्यास, ती पदरात न पडताच कामगार कामावर परतले.

संपाचा हिशेब जय-पराजयाच्या भाषेत मांडावयाचा तर एवढ्यावर विषय संपतो. तथापि मागणीपत्र हेही एक लेखन आहे. आजचे जग जसे आहे त्याहून ते निराळे कसे असावे, ह्याचे चित्र त्यात संक्षेपाने का होईना, पण रेखाटलेले असते. कथा-कवितांतील कल्पनाशक्तीची चिकित्सा करताना जे प्रश्न विचारले जातात, तेच येथेही विचारता येतात: ह्या लेखनाने शब्द कोठून घेतले, कोणास नायक केले आणि कोणास चित्राबाहेर ठेवले? भांडवलशाहीला पर्यायाची कल्पनाच आता करता येत नाही, असे विधान आपल्या काळात वारंवार केले जाते. त्या विधानाची परीक्षा चाकणच्या ह्या मागणीवर जितकी चांगली होईल तितकी एखाद्या तात्त्विक ग्रंथावर होणार नाही.

२

ह्या मागणीचे वेगळेपण ध्यानात यावे म्हणून त्याच पट्ट्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. पिंपरीच्या औद्योगिक जीवनाचा आरंभ खाजगी मोटारगाड्यांनी झाला नाही. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिच्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रसाहाय्य दिले, युनिसेफने यंत्रसामग्री दिली. हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक ह्याच कारखान्याच्या संशोधनातून निर्माण झाले. आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथील कारखानदारीचा विस्तार मुख्यतः त्यानंतरचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही १९६२ मधील.

पिंपरीच्या त्या कारखान्याने मालकीचे जे चित्र उभे केले, त्याचा नायक नागरिक होता. औषध ही विक्रीची वस्तू असली तरी ते कोणी व कशासाठी बनवावे हे नफ्याने ठरू नये, ही त्यामागील धारणा होती. चित्र उदात्त होते. पण त्यात एक उणीव होती. नागरिक हा ह्या कारखान्याचा नावापुरता मालक होता. कारभारात त्यास मत नव्हते, आणि कारखान्यात राबणाऱ्यासही नव्हते. मालकीचा व्यवहार दिल्लीतील खात्याकडे होता. म्हणूनच कंपनी आजारी पडली आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'आमचे काही विकले जात आहे' असे म्हणत पुढे येणारा मालक दिसला नाही. ज्यास कधी विचारलेच नव्हते, त्यास आपले काही गेले ह्याची जाणीव होणेही कठीण असते.

३

ज्या ग्रामीण महाराष्ट्रातून ह्या पट्ट्याला मनुष्यबळ मिळाले, त्याने मालकीचा आणखी एक अर्थ घडविला होता. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. येथेही 'भाग' होता; पण तो बाजारातील भाग नव्हता. तो सभासदत्वाची खूण होता. सहकाराच्या तत्त्वानुसार सभासदाजवळ भाग किती ह्यावर मत अवलंबून नसते. एका सभासदास एकच मत असते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने हे तत्त्व कायद्यात ठेवले. पैशाच्या मोजमापापासून सत्ता वेगळी करणे, हा ह्या योजनेचा गाभा होय.

सहकाराचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. कारखान्याची निवडणूक ही राजकारणाची पायरी झाली आणि अनेक कारखाने मूठभर घराण्यांच्या हाती राहिले. परंतु ह्या ऱ्हासाहून मूळची मर्यादा अधिक विचारात घेण्याजोगी आहे. ऊस पिकविणारा सभासद होता. ऊस तोडणारा नव्हता. बीड व आसपासच्या कोरडवाहू मुलुखातून दरसाल कोयता घेऊन येणारा मजूर ह्या लोकशाहीच्या मतदारयादीत कधीच आला नाही. सभासद ह्या शब्दाने मालकीचे वर्तुळ वाढविले खरे. पण वर्तुळाबाहेरचा माणूस बाहेरच राहिला.

४

ह्या पार्श्वभूमीवर २०१३ ची मागणी वाचली म्हणजे तिचे बळ आणि तिची दुर्बलता एकदमच दृष्टीस पडतात. बळ असे की ती वेतनाच्या कक्षेत थांबली नाही. १९८९ मध्ये पिंपरीच्या टेल्को कामगारांनी दिलेला आणि पुण्यात शनिवारवाड्यासमोरील उपोषणाने गाजलेला लढा वेतनाचा व प्रतिनिधित्वाचा होता. कामगारांच्या वतीने बोलणार कोण, हा त्याचा प्रश्न होता. चाकणच्या कामगारांनी 'कारखाना कोणाचा?' हा प्रश्न विचारला. गेल्या तीन-चार दशकांत ज्या प्रश्नाचा उच्चारही जुनाट मानला जात होता, तो एका मोटारसायकलच्या कारखान्याच्या फाटकावर पुन्हा उच्चारला गेला.

दुर्बलता अशी की प्रश्न नवा असूनही उत्तराची भाषा प्रतिपक्षाची होती. येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. त्या वेळी कंपनीचे एकूण भाग सुमारे २९ कोटी होते. प्रत्येकी ५०० ह्या हिशेबाने दर हजार कामगारांमागे ५ लाख भाग होतात. म्हणजे शेकडा एक-पंचमांशाहूनही कमी. कंपनीत मत भागाच्या प्रमाणात असते. तेव्हा मागणी पूर्णपणे मान्य झाली असती तरी कामगारांस संपत्ती मिळाली असती, सत्ता मिळाली नसती. शिवाय भाग विकता येतो, आणि गरजवंताकडील भाग सर्वांत आधी विकला जातो. विकेपर्यंतही त्याच्या धारकाचे हित दुभंगलेलेच राहते. कारण मजुरीवरील खर्च घटला की नफा वाढतो आणि भागाचा भावही चढतो. शेजारच्या यंत्रावरील कंत्राटी कामगाराची मजुरी कमी असणे हे मग भागधारक-कामगाराच्या लाभाचे ठरते. मागणीची रचनाच कायम कामगारास गृहीत धरणारी होती. ज्या कंत्राटी कामगारांच्या व प्रशिक्षणार्थींच्या श्रमांवर हा सारा पट्टा चालतो, त्यांना तिच्यात जागा नव्हती.

इटालियन विचारवंत ग्रामची ह्याने ज्यास धुरीणत्व म्हटले त्याचा प्रत्यय येथे येतो. सत्ताधारी वर्गाचे जग बळाने लादले जात नाही. ते सर्वांच्या व्यवहारज्ञानाचा भाग बनते, आणि विरोधकही त्याच चलनात आपली मागणी मोजू लागतो. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना परत मिळावयाची १५ टक्के जमीन 'खेड डेव्हलपर्स' ह्या कंपनीत एकत्र करून त्यांस तिचे भागधारक करण्यात आले होते. पुढे त्यांतील अनेकांनी भाग नको, जमीनच परत द्या, असा आग्रह धरला. एकाच तालुक्यात शेतकऱ्यास भाग नकोसा झाला आणि कामगारास तो हवासा वाटला. ह्यात विसंगती नाही. ज्याच्या हाती एकदा जमीन होती त्याला भागाचे पोकळपण जाणवले. ज्याच्या हाती कधीच काही नव्हते त्याला भाग हीच मालकी वाटली.

ह्या ठिकाणी नारायण सुर्वे ह्यांच्या कवितेचे स्मरण होते. गिरणीत काम केलेल्या, पुढे शाळेत शिपाई व नंतर शिक्षक झालेल्या ह्या कवीने १९६६ मधील आपल्या संग्रहास 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. ह्या नावातील 'माझे' हा शब्द महत्त्वाचा आहे. इतरांच्या विद्यापीठात एक जागा मिळावी अशी ती विनंती नाही. जेथे आपण राबलो ते जगच आपले विद्यापीठ होय, अशी ती घोषणा आहे. सुर्व्यांचा कामगार वाटा मागत नाही. जगाचा कर्ता म्हणून तो बोलतो. ही भाषा गिरणगावाच्या चाळींतून, संघटनांतून आणि शाहिरांच्या फडांतून घडली होती. चाकणचा कामगार भाड्याच्या खोलीत, निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेल्या अनोळखी सोबत्यांमध्ये राहतो. त्याच्या मागणीपत्रास जवळचा शब्दकोश शेअरबाजाराचा मिळाला, ह्याचा दोष एकट्या त्याचा नव्हे.

ही केवळ घासाघीस होती, तिच्यात कल्पना शोधणे व्यर्थ आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु घासाघीस करणाराही जे बोलता येण्याजोगे आहे तेच बोलतो. त्या वेळी दुसरे शब्द उपलब्ध नव्हते असेही नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ४३क घातला असून उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे त्यात म्हटले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून बजावता येत नाही, हे खरे. पण मागणीपत्रात लिहिता येते. दुसरे उदाहरण तर चाकणच्या वेशीतच आहे. २००९ मध्ये येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ह्याच कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर जर्मनीत निम्मे प्रतिनिधी कामगारांकडून येतात. मोठ्या कंपन्यांविषयीचा तेथील १९७६ चा कायदा तसे सांगतो. समान मते पडल्यास निर्णायक मत अध्यक्षाचे असते व अध्यक्ष भांडवलाच्या बाजूचा असतो, ही त्याची मर्यादा आहे. तरीही तेथे कामगारास मत मिळते ते भाग विकत घेऊन नव्हे, तर काम करतो म्हणून. गाड्यांचे आराखडे जर्मनीहून चाकणला आले, हा कायदा मात्र आला नाही.

५

नागरिक, सभासद आणि भागधारक ह्या तीन कल्पनांची तुलना केली असता एक निष्कर्ष निघतो. पहिलीने मालकी सर्वांना दिली, पण मत कोणासच दिले नाही. दुसरीने मत दिले, पण ते उंबरठ्याच्या आतील माणसास. तिसरीने मागितला तो मोबदला. मत तिने मागितलेच नाही, आणि उंबरठाही तसाच ठेवला. तिन्ही कल्पना आतल्या माणसापासून आरंभ करतात आणि बाहेरच्यापर्यंत पोचत नाहीत.

ह्याच्या उलट दिशेने विचार करणारा एक मसुदा मात्र आपल्याच परंपरेत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन सिद्ध केले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याकडे असावा, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि जमीन गावकऱ्यांना जातिपंथनिरपेक्ष रीतीने सामूहिक कसणुकीसाठी द्यावी, अशी ती योजना होती. आणि बदलत्या बहुमताने ती मोडू नये म्हणून ती राज्यघटनेतच लिहावी, असा तिचा आग्रह होता. तिच्यातील राज्यावरील भिस्त पिंपरीच्या अनुभवानंतर जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. परंतु तिचा आरंभबिंदू अद्याप मागे पडलेला नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, जात उपयोगाची नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर कायम नाही, त्याच्यापासून तिचा विचार सुरू होतो.

चाकणच्या मागणीचे मूल्यमापनही ह्याच कसोटीवर करावयास हवे. तिने मालकीचा प्रश्न पुन्हा उघडला, हे तिचे श्रेय कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही. पर्यायाची कल्पना मेली नाही, ती चुकीच्या शब्दांत जन्मली, इतकेच तिच्यावरून सिद्ध होते. ह्यापुढचे मागणीपत्र जेव्हा लिहिले जाईल, तेव्हा त्यात भाग किती मागितले ह्याहून मत कोणास मागितले हे अधिक महत्त्वाचे ठरेल. आणि त्या मागणीपत्राखालची पहिली सही कंत्राटी कामगाराची आहे की नाही, हेही.