मतदारसंघाचा इतिहास आणि त्याची भाषा : पुणे लोकसभा मतदारसंघाच्या निमित्ताने

एखाद्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष आणि मताधिक्य अशा चार रकान्यांचे कोष्टक मांडावयाचे आणि त्याखाली दोन परिच्छेदांचे भाष्य जोडावयाचे, अशी पद्धती आपल्याकडे रूढ झाली आहे. राज्यशास्त्राच्या प्रबंधांतून, वर्तमानपत्रांच्या निवडणूक-पुरवण्यांतून आणि स्मरणिकांतून हीच पद्धती आढळते. कोष्टकाविषयी माझी तक्रार नाही. त्याखालचे भाष्य ज्या शब्दांत लिहिले जाते, त्या शब्दांविषयी मात्र आहे. ‘बालेकिल्ला’, ‘लाट’, ‘कौल’ हे शब्द भाष्यकाराला वर्णनपर वाटतात. वस्तुतः ते कारणमीमांसेचे काम परस्पर उरकून टाकतात. भाषेच्या अभ्यासकाने राजकीय इतिहासात लक्ष घालण्याचे प्रयोजन एवढेच. उदाहरणादाखल पुणे मतदारसंघ घेतला आहे, कारण त्याच्याविषयी लिहिताना हे शब्द जितक्या सैलपणे वापरले जातात तितके क्वचितच अन्यत्र वापरले जात असतील.

आरंभ ‘मतदारसंघ’ या शब्दापासूनच करणे योग्य होईल. हिंदीत यासाठी ‘निर्वाचन क्षेत्र’ अशी संज्ञा आहे. तिच्यात भूमी प्रधान आहे, माणसे गौण आहेत. मराठीने ‘संघ’ हे पद स्वीकारले, म्हणजे भूमीला नव्हे तर मतदारांच्या समुदायाला नाव दिले. त्यातील ‘मतदार’ हा शब्दही मौजेचा आहे. संस्कृत ‘मत’ आणि फारसी ‘दार’ यांचा हा संकर. जमीनदार, दुकानदार यांच्या पंक्तीतला. हिंदीतला ‘मतदाता’ मत देऊन मोकळा होतो. आपला ‘मतदार’ ते बाळगणारा आहे. संज्ञेचा अर्थ अक्षरशः घेतला तर मतदारसंघाचा इतिहास हा मत बाळगणाऱ्या माणसांच्या एका समुदायाचा इतिहास ठरतो. परंतु प्रत्यक्षात ज्याचा इतिहास लिहिला जातो ती असते नकाशावरील एक रेषा, आणि ती रेषा तर वारंवार हललेली असते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘पुणे’ नावाचा एकच लोकसभा मतदारसंघ नव्हता. पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन होते. मध्यमधून काकासाहेब गाडगीळ आणि दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव, दोघेही काँग्रेसचे, लोकसभेत गेले. बहुतेक कोष्टकांतून मायदेवांचे नाव गाळले जाते, कारण यादी ‘पुणे’ या एका नावाखाली सरळ चालवावयाची असते. १९५७ पासून नाव एक झाले. त्यामागचा प्रदेश मात्र एक राहिला नाही. २००८ मध्ये अमलात आलेली पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. तिने विधानसभेच्या यादीतून भवानी पेठ आणि बोपोडी ही नावे काढली, कोथरूड आणि वडगाव शेरी ही आणली. आज पुणे लोकसभा मतदारसंघात कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कँटोन्मेंट आणि वडगाव शेरी हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. हडपसरचा रहिवासी पुणे महानगरपालिकेला कर भरतो आणि शिरूरचा खासदार निवडतो. खडकवासल्याचा मतदार बारामतीला जोडलेला आहे. पिंपरी आणि चिंचवड घाट उतरून पनवेल-उरणसह मावळात गेले आहेत. १९५७ चे ‘पुणे’ आणि २०२४ चे ‘पुणे’ यांना एकच मतदारसंघ म्हणणे हे ज्ञानेश्वरीची मराठी आणि आजची मराठी यांना एकच भाषा म्हणण्यासारखे आहे. तसे म्हणता येते, म्हणावेही. परंतु सातत्य कशात आहे हे सांगण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर पडते. भाषेच्या इतिहासकाराला ती टाळता येत नाही. निवडणुकीचा इतिहासकार ती बहुधा टाळतो.

आता रकान्यांकडे वळू. त्यांपैकी ‘पक्ष’ हा रकाना सर्वांत विश्वासार्ह मानला जातो. माझ्या मते पुण्याच्या बाबतीत तोच सर्वाधिक फसवा आहे, आणि तो नेमका महत्त्वाच्या वर्षी फसवतो.

१९५७ पाहा. विजयी : नारायण गणेश गोरे; पक्ष : प्रजासमाजवादी. या नोंदीत असत्य काहीच नाही. तरीही तीवरून त्या वर्षी पुण्यात प्रजासमाजवादी पक्षाने काँग्रेसला हरविले असा जो अर्थ वाचकाच्या मनात उमटतो, तो जवळजवळ निरर्थक आहे. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच स्थापन झाली होती. समितीतील घटक पक्षांचे उमेदवार आपापल्या पक्षांच्या नावावर नोंदले गेले. मत मात्र समितीला पडले. स्वतः नानासाहेब गोरे गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात १९५५ साली पोर्तुगीजांच्या कैदेत पडलेले आणि आग्वादच्या तुरुंगातून १९५७ च्या आरंभी सुटून आलेले. त्यांच्यासमोर उभे राहिलेले काकासाहेब गाडगीळ हे काही संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक नव्हते. मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी लोकसभेत हिरिरीने मांडली होती. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले हे मंत्री हरले ते आपल्या मतामुळे नव्हे, तर त्या मताला न जुमानणाऱ्या पक्षात राहिल्यामुळे. ‘समिती’ हा शब्द ज्या कोष्टकात कोठेच येत नाही, त्यातून ही गोष्ट वाचता येणे शक्य नाही. ज्या एका निवडणुकीत पुण्याच्या मतदारांनी भाषेच्या प्रश्नावर मत दिले, त्याच निवडणुकीतून भाषेचा प्रश्न पुसला जावा हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला विशेष बोचतो.

१९७७ ची नोंद याच जातीची आहे. त्या वर्षी मोहन धारिया निवडून आले आणि निवडणूक आयोगाच्या अहवालात त्यांच्या नावापुढे ‘भारतीय लोकदल’ असे लिहिलेले आढळते. कारण तांत्रिक आहे : नव्याने एकत्र आलेल्या जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या चिन्हावर लढविली. उत्तर भारतातील शेतकऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा पक्ष पुण्यासारख्या शहरात निवडून आला असा निष्कर्ष एखाद्या संगणकाने काढला तर त्याला दोष देता येणार नाही. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की १९७१ साली हेच धारिया याच पुण्यातून इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे उमेदवार म्हणून जिंकले होते. जयप्रकाशांशी संवाद साधावा अशी भूमिका घेतल्यामुळे १९७५ च्या मार्चमध्ये त्यांचे मंत्रिपद गेले. आणीबाणीत ते स्थानबद्ध झाले. दोन निवडणुका, दोन पक्ष, एक माणूस. १९७१ चा निकाल ‘काँग्रेसचा’ आणि १९७७ चा ‘काँग्रेसविरोधी’ असे लिहिणारा भाष्यकार यातील एकमेव स्थिर घटक दृष्टीआड करतो.

उलट प्रकारचे उदाहरण १९९८ चे. सुरेश कलमाडी १९९६ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले होते. १९९८ मध्ये ते अपक्ष म्हणून, भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना यांच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि काँग्रेसचे विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. येथे माणूस टिकला नाही, पक्ष टिकला. कोष्टकात कलमाडींच्या नावापुढे ‘अपक्ष’ हा शब्द आहे. पक्ष नसलेला असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. प्रत्यक्षात त्यांच्यामागे दोन पक्ष होते! धारियांचे आणि कलमाडींचे उदाहरण शेजारी ठेवले की ‘पुणेकर माणूस पाहून मत देतो’ हे एक लोकप्रिय सूत्र आणि ‘पुणेकर पक्ष पाहून मत देतो’ हे दुसरे, दोन्ही एकदमच मोडतात.

‘लाट’ या शब्दाची परीक्षा करणे तुलनेने सोपे आहे. १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी सहा वेळा, म्हणजे १९५७, १९६७, १९८९, १९९१, १९९६ आणि १९९८ या वर्षी, पुण्याने दिल्लीत सत्तेवर आलेल्या पक्षाचा खासदार पाठविला नाही. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी, समितीच्या लढ्याचे सरचिटणीस, निवडून आले. ही निवड समितीच्या ओसरलेल्या लाटेचा अवशेष म्हणून समजावून दिली जाते. पण तसे असेल तर मधल्या १९६२ मध्ये, म्हणजे राज्यस्थापनेनंतर दोनच वर्षांनी आणि पानशेतच्या पुरानंतर सहा-सात महिन्यांनी, काँग्रेसचे शंकरराव मोरे कसे आले? हे मोरे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते, हेही त्या रकान्यातून दिसत नाही.

नव्वदच्या दशकात तर हा शब्द पार लटका पडतो. १९८९ मध्ये काँग्रेसने केंद्रातील सत्ता गमावली. पुण्यात बॅरिस्टर विठ्ठलराव गाडगीळ, काकासाहेबांचे चिरंजीव, सलग तिसऱ्यांदा जिंकले. १९९१ मध्ये काँग्रेस केंद्रात परतली, महाराष्ट्रात तिला ४८ पैकी ३८ जागा मिळाल्या, आणि पुण्यात त्याच गाडगीळांना भारतीय जनता पक्षाच्या अण्णा जोशींनी हरविले. १९९६ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस १५ जागांपर्यंत खाली आली. पुणे काँग्रेसकडे गेले. देशात आणि राज्यात वाहणाऱ्या प्रवाहाच्या नेमके उलट दोनदा लागोपाठ जाणारा मतदारसंघ समोर असता भाष्यकार ‘स्थानिक कारणे’ हा शब्दप्रयोग बाहेर काढतो. लाट असेल तेथे लाट, नसेल तेथे स्थानिक कारणे : अशी उपपत्ती कोणत्याही निकालाने खोटी ठरत नाही, आणि म्हणूनच ती काही सांगतही नाही. १९९९ पासून पुढच्या सहाही निवडणुकांत पुण्याचा खासदार केंद्रातील सत्ताधारी बाजूचा राहिला आहे, ही वस्तुस्थिती खरी कुतूहलाची आहे. मतदारसंघाची सीमा, पक्षांच्या आघाड्या आणि शहराची वस्ती या तिन्ही गोष्टी याच काळात बदलल्या. यांतील कोणती निर्णायक ठरली, याचा अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने प्रभागनिहाय आकडे घेऊन केला पाहिजे.

जातीच्या आधारे केलेल्या विवेचनाबद्दल थोडक्यात सांगतो. आडनावावरून जात आणि जातीवरून मत, असे दुहेरी अनुमान या लेखनात सर्रास चालते. आडनावांचा अभ्यास केलेल्या कोणासही पहिली पायरीच किती निसरडी आहे हे ठाऊक असते. दुसरीविषयी बोलावयाचे तर गोरे आणि एस. एम. जोशी, अण्णा जोशी आणि प्रदीप रावत यांना एकाच गटात घालणारे वर्गीकरण राजकीय इतिहासाच्या कामाचे नाही.

‘बालेकिल्ला’ हा शब्द मात्र मला मोडीत काढवत नाही, कारण तो चुकीचा वापरला जातो म्हणूनच उद्बोधक आहे. बाला म्हणजे वरचा. गडाच्या सर्वांत उंच, तटबंदीने वेगळ्या केलेल्या भागाला बालेकिल्ला म्हणतात. माची पडली, दरवाजे पडले, तरी शेवटी जो उरतो तो. वृत्तपत्रीय मराठीत त्याचा अर्थ ‘जेथे एखादा पक्ष नेहमी जिंकतो ते ठिकाण’ इतका पातळ झाला. कसबा पेठ हा भारतीय जनता पक्षाचा बालेकिल्ला असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. गिरीश बापट तेथून १९९५ पासून २०१९ पर्यंत आमदार होते. आता २०२३ पाहा. संपूर्ण लोकसभा मतदारसंघ त्या पक्षाकडे असताना, म्हणजे माची शाबूत असताना, फेब्रुवारी-मार्चमधील पोटनिवडणुकीत बालेकिल्लाच काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे अकरा हजारांच्या मताधिक्याने घेतला. पुढच्याच वर्षी लोकसभेला तेच धंगेकर मुरलीधर मोहोळांकडून सव्वा लाखाच्या आसपास मतांनी पराभूत झाले आणि विधानसभेला कसबाही त्यांच्या हातून गेला. किल्ल्याचे रूपक वापरणाऱ्याने निदान गड पाहिलेला असावा.

‘कौल’ या शब्दाने केलेली हानी याहून सूक्ष्म आहे. अरबी ‘कौल’ म्हणजे वचन. पेशवाईच्या कागदांतला कौलनामा याच अर्थाचा. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा देवाने उजवा दिला की डावा एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचा अर्थ गुरव सांगतो. ‘पुण्याने कौल दिला’ या वाक्यात तृतीयेचा ‘ने’ हा एकवचनी प्रत्यय लाखो मतदारांचे एक दैवत करतो आणि भाष्यकाराला गुरवाच्या जागी बसवतो. २०१९ साली बापटांना सुमारे सव्वातीन लाखांचे मताधिक्य मिळाले. प्रचंडच म्हणावयाचे. त्याच निवडणुकीत पुण्यातील निम्म्याहून किंचित अधिक मतदारांनी मतदानच केले नव्हते. दोन्ही विधाने एकाच ‘पुण्या’विषयी आहेत, ‘कौल’ हा शब्द त्यांतील दुसरे बोलू देत नाही.

राहता राहिला एक काळ, ज्याला कोष्टकात ओळच नाही. २९ मार्च २०२३ रोजी बापटांचे निधन झाले आणि जागा रिक्त झाली. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हावयास हवी. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने प्रमाणित केले असेल, तरच सूट. सतराव्या लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळ शिल्लक होता. आयोगाने दुसऱ्या अपवादाचा आधार घेतला : इतर निवडणुकांची कामे चालू आहेत आणि नव्या सदस्यास अल्पच काळ मिळेल. पुण्यातील एका मतदाराने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पोटनिवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. निवडणूक झाली ती थेट १३ मे २०२४ ची सार्वत्रिक. त्याच २०२३ सालात कसब्याची पोटनिवडणूक आमदाराच्या निधनानंतर सव्वादोन महिन्यांच्या आत पार पडली होती.

‘जागा रिक्त आहे’ या वाक्याचा कर्ता जागा आहे, म्हणजे पुन्हा क्षेत्रच. ‘संघ’ कर्ता ठेवून हेच वाक्य लिहून पाहावे : वीस लाखांहून अधिक मतदारांचा संघ चौदा महिने लोकसभेत प्रतिनिधीवाचून होता. पुणे मतदारसंघाच्या पुढील कोष्टकात २०१९ आणि २०२४ या दोन ओळींच्या मध्ये ही तिसरी ओळ घालावी, विजयी उमेदवाराचा रकाना कोरा ठेवून. आणि १९५७ च्या ओळीत ‘प्रजासमाजवादी’च्या शेजारी ‘समिती’ हा शब्दही लिहावा.