'कितवा'चं इंग्रजी

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांविषयी माझी तक्रार एवढीच, की ती न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं फार भरघोस देतात. 'ऑक्स'चं अनेकवचन 'ऑक्सन' होतं हे ती आवर्जून सांगतात. आता वर्धा जिल्हा कपाशीचा, इथे बैलांना तोटा नाही. पण हिंगणघाटच्या बाजारात बैलांची चौकशी इंग्रजीत करण्याची पाळी कुणावर आल्याचं मी ऐकलेलं नाही. पोरांना अडतं ते भलतंच. ते विचारायला ती शेजारच्या काकांकडे येतात, आणि आमच्या आळीत ते काका म्हणजे मी. "काका, मले एक सांगा," असा आवाज दारातून आला की मी समजतो, 'सिन्स' आणि 'फॉर' आले.

प्रश्न अगदी रास्त असतो. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे एकच 'पासून' निमूटपणे राबतो. इंग्रजीत सोमवारला 'सिन्स' लागतो आणि दोन वर्षांना 'फॉर'. बरं, आपण वर्ध्याला 'राहतो'. माणूस अजून तिथेच आहे, दरमहा भाडं भरतो आहे, तर त्याला वर्तमानकाळ नको? इंग्रज म्हणतो नको, 'हॅव लिव्ह्ड' म्हणा. मग 'आय ॲम लिव्हिंग इन वर्धा सिन्स टू इयर्स' हे वाक्य जन्माला येतं. वरून इंग्रजी चुकलेलं, आतून मराठी बिनचूक. 'आय ॲम नोइंग हिम'चंही तेच. 'मला तो माहीत आहे' यातला 'आहे' कुठेतरी ठेवायला नको का?

हे रेन आणि मार्टिन यांना कसं कळावं? यांतले रेन म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात नोकरीला होते. पुढे १९२४ साली 'बो जेस्त' ही फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवरची कादंबरी लिहून त्यांनी मोठं नाव कमावलं. पलटणीची ती शिस्त त्यांच्या व्याकरणातही दिसते. 'शॅल' आणि 'विल'चीच कवायत पाहा. साधा भविष्यकाळ असेल तर 'मी' आणि 'आम्ही' यांना 'शॅल', बाकीच्यांना 'विल'. निर्धार असेल तर नेमकं उलट. या नियमाचा उगम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सापडतो. इंग्रज आता बहुतेक ठिकाणी एका 'विल'वर भागवतात. आमच्या पिढीने मात्र निर्धार कुणाचा आणि किती, याचा हिशोब करता करता भविष्यकाळात जायचंच टाळलं.

यापेक्षा मला तर्खडकर जवळचे वाटतात. (या आडनावातच व्याकरण असावं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासूनचं हे गणगोत.) त्यांच्या नावाची भाषांतर पाठमाला पुढे घरोघर पोचली. वाक्यं कंटाळवाणी खरी, पण शिकणारा घरातून निघतो कुठून आणि ठेचाळतो कुठे, हे त्या पुस्तकाला ठाऊक आहे, कारण ते मराठीतून सुरू होतं. रेनसाहेब सगळ्यांना एकाच फाटकातून आत घेतात.

पण 'डिड ही वेंट?' हे काही तर्खडकरांनाही पूर्ण थोपवता आलेलं नाही. पोरगं म्हणतं, काम काल झालं, मग 'वेंट'चा परत 'गो' कशाला? मी सांगतो, इंग्रजीच्या घरात पैठणी एकच आहे. ती 'डिड'बाई नेसल्या की 'गो'ने साध्या लुगड्यावर यायचं. हे पटतं. 'द'चं मात्र कठीण. आजीच्या गोष्टीत 'एक राजा होता' म्हणजे 'ए किंग', आणि पुढे तोच राजा शिकारीला गेला की 'द किंग', इथवर ठीक चालतं. मग सेवाग्राम येतं. कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये जो आजारी म्हणून भरती होतो तो 'इन हॉस्पिटल', 'द'शिवाय. आणि त्याचा डबा घेऊन जो जातो तो 'टू द हॉस्पिटल'. म्हणजे 'द' धडधाकट माणसालाच परवडतो. हे विलायतेत. अमेरिकेत रोग्यालाही 'द' देतात, तो देश श्रीमंत आहे.

एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "हेडमास्तरांना 'डिअर सर' कसं लिहायचं? डिअर म्हणजे प्रिय ना?" तिच्या चेहऱ्यावर खरा संकोच होता. 'रिस्पेक्टेड सर' हा मायना आपल्याकडे रुजला तो याच संकोचातून, आणि मला तो चूक वाटत नाही. तरी मी तिला सांगितलं, की २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला पत्र लिहिलं, त्याचा मायना 'डिअर फ्रेंड' असाच होता. सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिलं नाही, ही गोष्ट निराळी. मायन्यासाठी अडवलं नव्हतं. तेव्हा हेडमास्तरही निभावून नेतील.

आणि याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती. झाकिर हुसेन समितीने त्यानंतर जी योजना आखली, तीत सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून, आणि इंग्रजीला रजा. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. मी यावर सुस्कारे टाकणार नाही. पोरांना पोट आहे. पण पहिलीपासून शिकवतात ते इंग्रजी, की इंग्रजीची धास्ती?

ओळखीची एक मुलगी, विज्ञानाची पदवीधर, हुशार. नागपूरला मुलाखतीला गेली. सुरुवातीला सहज विचारलं, वर्ध्यात कधीपासून राहता? उत्तर होतं, जन्मापासून. तिच्या डोक्यात 'सिन्स' आणि 'फॉर' दोघेही एकदम उभे राहिले. जन्म हा क्षण धरायचा, की बावीस वर्षं धरायची? ती गप्प झाली. समोरच्यांनी कागदावर काहीतरी टिपलं, आणि विषयातलं पुढे कुणी धड विचारलंच नाही. 'लिव्हिंग सिन्स ट्वेंटी-टू इयर्स' म्हणाली असती तर लंडनच्या भाजीवाल्यालाही कळलं असतं. पण चुकून बोललं तरी चालतं, हा धडा कोणत्याच व्याकरणात नाही. या बाबतीत मी पुस्तकांना माफ करायला तयार नाही.

परवा तिचाच धाकटा भाऊ आला. "काका, 'नेहरू भारताचे कितवे पंतप्रधान?' याचं इंग्रजी सांगा."

मी म्हटलं, "बाबा रे, 'कितवा'ला इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही."

"रेन-मार्टिनमध्येबी नाही?"

"नाही."

"मंग त्यायले इचारायचं असन तं?"

"काहीतरी फिरवून विचारतात."

त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे त्यायचंबी अडते," तो म्हणाला, आणि मोठ्या समाधानाने वहीत लिहून घेऊ लागला.